वडिलांच्या स्टुडिओतील फिल्म कॅमेरे विकायचे आहेत. रास्त किंमत कशी ठरवावी?

मृद्गंध (पंचवटी, नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचा रविवार कारंज्याजवळ छोटा फोटो स्टुडिओ होता. लग्नकार्ये, पासपोर्ट फोटो, शाळांची स्नेहसंमेलने अशी कामे ते करत आणि २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर त्यांनी अनेक दिवस पहाटेपासून फोटो काढले होते. गेल्या वर्षी ते गेले. आता घराची डागडुजी काढायची असल्यामुळे त्यांची लोखंडी पेटी माळ्यावरून खाली काढावी लागली, आणि आईच्या संमतीने त्यातील सामान अशा कोणाला तरी द्यायचे आम्ही ठरवले आहे जो ते खरोखर वापरेल.

पेटीत निकॉन एफएम२ ची काळी बॉडी, निकॉरच्या ५० मिमी एफ १.४ आणि १०५ मिमी एफ २.५ या दोन लेन्स, दुसऱ्या एका कंपनीची झूम लेन्स, चामड्याच्या कव्हरात असलेला याशिका मॅट १२४ जी कॅमेरा, व्हिविटार २८३ फ्लॅश, आगफा क्लिक ३ कॅमेरा आणि मुदत उलटून गेलेले सात-आठ रोल आहेत. निगेटिव्हवरून मोठे फोटो छापण्याचा एन्लार्जर अजून डार्करूमच्या खोलीत तसाच उभा आहे.

शहरातील एका दुकानात सगळे सामान दाखवले, तेव्हा त्यांनी निकॉन बंद असल्याचे सांगून एन्लार्जरसह सगळ्याचे उक्ते १२,००० रुपये देऊ केले. घरी येऊन इंटरनेटवर पाहिले, तर एकट्या एफएम२ ला कोणी ६५,००० रुपये मागत होते. या दोन आकड्यांमध्ये इतके अंतर आहे की कोणावर विश्वास ठेवावा हेच समजेनासे झाले आहे. मला जास्तीचा पैसा नको आहे. पण ज्या वस्तूंवर आमचे घर चालले, त्या भंगाराच्या भावाने जाऊ नयेत असे मनापासून वाटते. मला रोल भरण्यापलीकडे कॅमेऱ्याचे ज्ञान नाही. किंमत ठरवण्याची सुरुवात कोठून करावी, हे कृपया कोणी जाणकार सांगेल का?

स्वच्छ भिंग यांचे उत्तर

ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. तुमच्यासमोर असलेल्या दोन्ही आकड्यांना मी किंमत म्हणणार नाही. ६५,००० ही कोणीतरी मागितलेली रक्कम आहे आणि ती मागणारा कदाचित दोन वर्षे तशीच मागत बसला असेल. १२,००० ही दुकानदाराने स्वतःची जोखीम धरून सांगितलेली रक्कम आहे. त्याला दुरुस्ती करावी लागते, माल महिनोन्‌महिने पडून राहतो, गिऱ्हाईक परत आले तर ऐकून घ्यावे लागते. त्यामुळे तो ज्या भावाला विकणार असतो त्याच्या साधारण निम्म्याने विकत घेतो, आणि त्याला मी लबाडी मानत नाही. मात्र उक्त्या व्यवहारात कोणत्या वस्तूला किती धरले हे कधीच कळत नाही, म्हणून पहिले काम हे की प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा मांडावा.

ईबेवर वस्तू शोधल्यानंतर केवळ विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याची सोय आहे. ती निवडली की प्रत्यक्ष झालेले व्यवहार दिसतात. त्यातले तुमच्या कॅमेऱ्याशी मिळतेजुळते दहा-पंधरा व्यवहार वहीत उतरवून घ्या, सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त असे दोन-तीन सोडून द्या आणि उरलेल्यांचा अंदाज घ्या. जपानमधील व्यापारी बहुधा तपासलेला, साफ केलेला माल परत घेण्याच्या हमीसह विकतात, त्यामुळे त्यांचा भाव नाशिकमध्ये घरून विकणाऱ्याला जसाच्या तसा मिळत नाही. दुसरीकडे, परदेशातून मागवणाऱ्याला टपालखर्च आणि सीमाशुल्क भरावे लागते, तेव्हा हातात घेऊन पाहता येणाऱ्या कॅमेऱ्याला इथला गिऱ्हाईक चार पैसे अधिक द्यायला तयार असतो. या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी फेडतात, असा माझा अनुभव आहे.

नेमके मॉडेल ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. एफएम२ १९८२ साली आला. त्यात फ्लॅशसाठी शटरचा कमाल वेग १/२०० सेकंद होता. १९८४ पासून जो सुधारित प्रकार निघाला त्यात तो १/२५० झाला, आणि त्या प्रकाराच्या मागील बाजूस कोरलेल्या अनुक्रमांकाची सुरुवात इंग्रजी एन या अक्षराने होते. गिऱ्हाईक हे अक्षर पाहतात. समोर मात्र दोन्हींवर एफएम२ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे विकणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

लेन्सचे भाव बॉडीपासून वेगळेच पाहा. आजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यांना अडॅप्टर लावून जुन्या हाती फोकसच्या लेन्स वापरता येतात, म्हणून ज्यांना फिल्मशी काही देणेघेणे नाही असेही गिऱ्हाईक चांगल्या लेन्सला मिळतात. १०५ मिमी एफ २.५ ही व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेली लेन्स आहे. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये निर्वासितांच्या छावणीत टिपलेले, हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे प्रसिद्ध छायाचित्र एफएम२ आणि याच लेन्सवरचे आहे. तुमच्या पेटीत ही जोडी आहे. झूम लेन्सकडून फारशी अपेक्षा ठेवू नका.

शटरवाले काका यांचे उत्तर

मी छत्तीस वर्षे नाशिकच्या शालिमारजवळ कॅमेरे दुरुस्त केले. वर दिलेला सल्ला योग्य आहे, पण त्यात एक पायरी राहिली आहे. विकलेल्या वस्तूंशी तुलना करायची तर आपली वस्तू कोणत्या अवस्थेत आहे हे आधी माहीत हवे. एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांत दुपटी-तिपटीचा फरक पडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

सर्वांत आधी, निकॉनचे मागचे दार उघडण्यापूर्वी डावीकडची रीळ गुंडाळण्याची मूठ उघडून बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा. मूठ अडखळली, ताण जाणवला तर आत रोल आहे असे समजा आणि दार उघडू नका.

निकॉन बंद आहे असे दुकानात सांगितले गेले, त्याबद्दल मला शंका आहे. एफएम२ मध्ये रोल पुढे ओढण्याचा खटका बॉडीला चिकटून आत बसलेला असला की शटरचे बटण दाबलेच जात नाही; ते कुलूप आहे. खटका अंगठ्याने थोडा बाहेर काढून ठेवला की बटण मोकळे होते. हे माहीत नसल्यामुळे चांगले कॅमेरे बंद म्हणून विकले गेलेले मी पाहिले आहेत. शिवाय या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे, त्याला सेल लागतच नाहीत. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी असतात. घड्याळाच्या दुकानात मिळणारे एलआर ४४ चे दोन सेल घाला, खटका बाहेर काढा, बटण अर्धे दाबा, म्हणजे डोळ्याला लावलेल्या खिडकीत उजवीकडे तांबडे दिवे लागतील.

शटर तपासताना एक सेकंदावर ठेवून कान द्या. आवाजाची सुरुवात आणि शेवट यांत खरोखर एक सेकंद जाते का, की मध्येच दम लागल्यासारखे थांबते, हे कानाला समजते. मग एकेक वेग वाढवत १/४००० पर्यंत जा. त्यानंतर मागचे दार उघडून लेन्स पांढऱ्या उजेडाकडे धरा आणि वेगवेगळ्या वेगांवर उजेडाची चमक अखंड चौकोनी दिसते का ते बघा. शटरच्या पात्यांना बोट लावू नका. ती फार पातळ असतात आणि बोटाच्या दाबाने बसलेली घडी पुन्हा सरळ होत नाही.

दाराच्या खाचेतील काळ्या फोमला काडी लावून बघा. डांबरासारखे काळे चिकटले तर फोम मेला आहे. आरशाच्या वरच्या कडेलाही तसाच फोम असतो. हा दोष दिसायला वाईट आहे, पण तो बदलण्याचे काम किरकोळ आहे. एवढ्यावरून कोणी निम्मी किंमत पाडत असेल तर ऐकू नका.

आता लेन्स, कारण खरे नुकसान तिथेच होते. नाशिकची हवा मुंबईइतकी दमट नाही, पण पावसाळ्याचे चार महिने बंद पेटीत, त्यातही चामड्याच्या कव्हरात राहिलेल्या काचेवर बुरशी येते. चामडे ओल धरून ठेवते. लेन्स बॉडीवरून उतरवा, आतल्या पात्यांचे छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडे करा, खोलीत अंधार करा आणि मागून टॉर्चचा उजेड तिरका टाका. सरळ रोखून पाहिले तर काहीच दिसत नाही. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, बारीक फांद्या फुटलेली असते. काचेच्या कडेला एखादी फांदी असेल तर फोटोवर परिणाम जवळजवळ होत नाही, पण भाव पडतो, कारण ती वाढेल अशी गिऱ्हाइकाला भीती असते. मधोमध पसरली असेल तर साफ केल्यावरही काचेवरच्या लेपावर तिचा व्रण राहू शकतो. धुके पसरल्यासारखी सगळी काच पांढुरकी दिसली तर तो वेगळा दोष आहे, आणि तो पुष्कळदा साफ होतो. छिद्राची पाती खटकन मिटतात का, त्यांवर तेलाचा ओला डाग आहे का, हेही पाहून ठेवा.

याशिकाला दोन लेन्स आहेत आणि त्यांची किंमत सारखी नाही. वरची फक्त पाहण्यासाठी असते, फोटो खालच्या लेन्समधून निघतो. वरच्या लेन्समध्ये बुरशी असली तर गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे, पण खचून जाऊ नये. खालच्या लेन्समध्ये असली तर मात्र निम्म्यापर्यंत फरक पडतो. आपोआप फोटो निघण्याची जी कळ आहे तिला हात लावू नका, कारण जुन्या शटरमध्ये ती मध्येच अडकली की सगळे शटर बसते. मीटर चुकीचे दाखवत असेल तर लगेच बिघडले म्हणू नका. त्याची रचना १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी केलेली आहे, ते सेल आता बनत नाहीत, आणि आजच्या १.५ व्होल्टच्या सेलवर त्याचा काटा थोडा इकडेतिकडे जाणारच.

काळ्या बॉडीच्या कडेला रंग उडून पितळ दिसत असेल, तर त्याचे मनाला लावून घेऊ नका. रोज कामात असलेल्या कॅमेऱ्याचे अंग झिजते, पण शटर चालते राहते. वीस वर्षे कपाटात जपलेला, नवा कोरा दिसणारा कॅमेरा आतले तेल सुकल्यामुळे अडकलेला निघतो, हे मी टेबलावर अनेकदा उघडून पाहिले आहे.

विकण्यापूर्वी सर्व्हिसिंग करून घ्यावे का, असा पुढचा प्रश्न येईल. माझ्या मते करू नये. घातलेला खर्च विक्रीत पूर्ण वसूल होत नाही, आणि दोष आहे तसा लिहून विकला तर कोणाचेच मन दुखावत नाही.

रीळ १२० यांचे उत्तर

काकांशी एका बाबतीत मी सहमत नाही. याशिकाच्या बाबतीत सर्व्हिसिंगचा खर्च करावा, पण खालची लेन्स स्वच्छ असेल तरच. याशिकाला लागणारा १२० चा (रुंद फिल्मचा) रोल महाग असतो आणि त्यावर या कॅमेऱ्यात फक्त १२ फोटो निघतात. म्हणून असा कॅमेरा घेणारा माणूस चालू असल्याची खात्री मागतो. मंद वेग अडकत असलेला याशिका पाहून तो दुरुस्तीच्या खर्चाची दुप्पट रक्कम भावातून कापतो. तपासणीचा एक रोल काढून त्याचे फोटो जाहिरातीबरोबर द्या. त्याच्याइतका बळकट पुरावा दुसरा नाही.

एन्लार्जर वजनदार असल्यामुळे तो नाशिकबाहेर पाठवण्याचा विचार सोडा. त्याची लेन्स मात्र काढून पाहा. तिच्यावर ईएल-निकॉर असे नाव असेल तर तिला वेगळे गिऱ्हाईक मिळते आणि कधी कधी ती उरलेल्या यंत्रापेक्षा महाग जाते. व्हिविटार २८३ चे जुने नग फ्लॅश उडवताना इतका जास्त व्होल्टेज सोडतात की डिजिटल कॅमेऱ्याला इजा होऊ शकते, तेव्हा घेणाऱ्याला तसे स्पष्ट सांगा. मुदत संपलेले रोल उघडू नका. प्रयोग करणारे लोक ते थोडक्या पैशात घेतात. आगफा क्लिक ३ या देशात इतके विकले गेले की आजही ते सहज मिळतात, त्यामुळे त्याची रक्कम नाममात्र येईल. माझ्या मते तो घरीच ठेवावा.

आणि पेटीत निगेटिव्ह असतील तर ते कोणत्याही व्यवहारात घालू नका. सिंहस्थाचे निगेटिव्ह ही कॅमेऱ्याहून वेगळी आणि परत न मिळणारी वस्तू आहे.

मृद्गंध यांनी लिहिले

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी आई आणि मी गॅलरीत चादर अंथरून एकेक वस्तू काकांनी सांगितल्याप्रमाणे पाहिली.

निकॉनची मूठ मोकळी फिरली, म्हणजे आत रोल नव्हता. खटका बाहेर काढला आणि बटण दाबले, तर शटर वाजले. आई स्वयंपाकघरात गेली होती, ती आवाज ऐकून बाहेर आली. एक सेकंदाचा वेग मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहिला, बरोबर आला. सेल घातल्यावर तांबडे दिवेही लागले. मागे एन अक्षर आहे. पट्टा अडकवण्याच्या दोन्ही कड्यांजवळ पितळ उघडे पडले आहे आणि दाराचा फोम बोटाला चिकटला, तो निघायला खोबरेल तेल लागले.

१०५ मिमी लेन्स टॉर्चखाली अगदी स्वच्छ दिसली. ५० मिमीच्या कडेला नखाएवढ्या जागेत बारीक जाळे आहे. झूम लेन्स सगळीच पांढुरकी आहे. याशिकाच्या वरच्या लेन्समध्ये बुरशी भरपूर आहे, खालची स्वच्छ आहे, पण १/८ च्या खालचे वेग अडकतात. एन्लार्जरवर ईएल-निकॉर ५० मिमी एफ २.८ निघाली. निगेटिव्ह वेगळ्या कपाटात ठेवले आहेत.

विकल्या गेलेल्या एन अक्षराच्या काळ्या बॉडींचे बारा व्यवहार वहीत लिहिले. टोकाचे सोडून ते रुपयांत साधारण २२,००० ते ३०,००० च्या दरम्यान येतात. आता यातून माझा आकडा कसा काढू?

स्वच्छ भिंग यांचे उत्तर

उत्तम काम केले आहे. ३०,००० च्या बाजूचे फोटो उघडून पाहा. ते बहुधा न झिजलेले, फोम बदललेले, हमीसह विकलेले असतील. तुमच्या बॉडीला पितळ दिसते, फोम बदलायचा आहे आणि तुम्ही हमी देणार नाही, म्हणून तुलना खालच्या टोकाशी करा. २२,००० मधून फोमच्या कामाचे हजार-दीड हजार वजा करा, आणि शटर चालू असल्याचा छोटा व्हिडिओ जोडून २१,००० सांगा. घासाघीस होणारच, १९,००० च्या खाली जाऊ नका. बॉडी आणि १०५ मिमी एकत्र घेणारा आला तर थोडे सोडून द्यायला हरकत नाही, पण दोन्हींचे आकडे मनात वेगळे ठेवा.

५० मिमीची जाहिरात देताना बुरशीचा टॉर्चखाली काढलेला फोटो सर्वांत आधी लावा. पाहून आलेला माणूस भाव पाडत नाही.

शटरवाले काका यांचे उत्तर

ताई, १/८ च्या खालचे वेग अडकणे ही या शटरची नेहमीची तक्रार आहे. तेल सुकले की मंद वेगाची चाके आधी थांबतात. खालची लेन्स स्वच्छ आहे, तर ‘रीळ १२०’ यांचे म्हणणे मी मान्य करतो. याशिकाचे सर्व्हिसिंग करून घ्या, त्याच वेळी वरची लेन्सही साफ होईल. मुंबईला फोर्टमधील बोरा बाजारात काम करणारे अजून आहेत. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर दिवसात काम सांगून परत येता येते. कॅमेरा टाकण्यापूर्वी खर्चाचा आकडा लिहून घ्या आणि तो अपेक्षित किमतीच्या पाव हिश्शाहून जास्त असेल तर परत घेऊन या.

मृद्गंध यांनी लिहिले

जवळजवळ सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

निकॉनची बॉडी आणि १०५ मिमी लेन्स एकत्र ३१,५०० रुपयांना गेली. घेणारा गंगापूर रोडला राहणारा, फोटोग्राफी शिकणारा मुलगा आहे. त्याने एक सेकंदाचे शटर चार वेळा कानाजवळ धरून ऐकले, लेन्समधून खिडकीकडे बराच वेळ पाहिले आणि किमतीत काही सोडा असे एकदाच विचारले. त्याला ५०० रुपये सोडले. ५० मिमी लेन्स ५,००० ला गेली, घेणाऱ्याने बुरशीचा फोटो पाहूनच फोन केला होता. ईएल-निकॉर पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतली. उरलेल्या एन्लार्जरला गिऱ्हाईक मिळालेले नाही. झूम लेन्स आणि फ्लॅश यांचे मिळून ८०० रुपये आले.

याशिका बोरा बाजारात दाखवला. सांगितलेला खर्च काकांच्या पाव हिश्शाच्या आत बसला, म्हणून तो तिथे ठेवून आले आहे. पुढच्या बुधवारी आणायला जायचे आहे. आल्यावर त्यात १२० चा एक रोल भरून तपोवनात आणि गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) बारा फोटो काढणार आहे, आणि ते पाहूनच त्याचा आकडा ठरवीन. आगफा क्लिक आईने मागून घेतला.